तिसरी चौकट

न्यू बेडफर्ड. फेब्रुवारी. सकाळचे सव्वासात.
मिकाएला तुम रात्रपाळीवरून थेट आली आहे,
मनगटापर्यंत माशांचा वास,
बोटांच्या पेरांवर बर्फाने पाडलेल्या चिरा.
बैठकीला पाऊण तास आहे.
मी थर्मासमधली कॉफी ओतते
आणि तिच्या मुलाचा अहवाल दोघींच्या मध्ये ठेवते.
बावीस पानं, स्पॅनिशमध्ये.
ती पहिल्या पानावर हात ठेवते,
तापल्या कपाळावर ठेवतात तसा.
वाचत नाही.
स्पॅनिश तिची बाजारापुरती.
मुलगा झाला ती भाषा वेगळी, किचे;
ती आमच्या शाळेच्या कुठल्याच अर्जात
टिक करायला नाही.

मी म्हणते, आत मान डोलावू नकोस.
मी डोलावली होती.
सत्तावीस वर्षं झाली, याच इमारतीत,
माझ्या दुआर्तेसाठी.
समोर सात जण, घड्याळाकडे बघणारे,
आणि मी, पोर्तुगीज बेकरीतली इल्दा,
पिठाचे हात मांडीखाली दडवून
हो म्हणाले, हो म्हणाले, पुन्हा हो.
घरी येऊन नवऱ्याने विचारलं, काय ठरलं?
मला सांगता येईना.

आठ वाजता आत गेलो.
सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं, आईच्या गळ्यात मफलर.
टेबलावर फोन, फोनमध्ये दुभाषा,
ओरेगॉनहून, तिथे पहाटेचे पाच,
त्याच्या मागे एक कुत्रं सारखं भुंकतंय.
मानसशास्त्रज्ञ बाई चांगल्या आहेत. हळू वाचतात.
एल्मेर, वय सहा.
नजर देत नाही.
दहापर्यंत मोजता येत नाही.

दुभाषा सांगतो. मिकाएला ऐकते.
मग मान डोलावत नाही.
तिला घाम आलेला मला दिसतो, एवढ्या थंडीत.
ती टेबलावर बोट आपटते:
हुन. केब. ओशिब. काहिब. होब.
आणि भराभर बोलत सुटते,
दुभाष्याला म्हणावं लागतं, बाई, थांबा, थांबा जरा.

तो मोजतो, म्हणते.
रोज जिना मोजतो, घरी येताना.
पायऱ्या एकोणीस आहेत. तो अठराच म्हणतो.
मी आधी रागावले.
मग कळलं, खालून तिसरी फुटकी आहे,
तो तिच्यावर पाय देत नाही,
आणि पाय दिला नाही ती
त्याच्या हिशेबात नाही.

फोनमधलं कुत्रंसुद्धा गप्प.
कुणी तरी खुर्ची सरकवली.
बाईंनी पेनाचं टोपण काढलं,
लावलं, पुन्हा काढलं.
कुणी वाईट नव्हतं त्या खोलीत.
फक्त कुणी तो जिना चढलं नव्हतं.

शेवटच्या पानावर तीन चौकटी.
सगळं मान्य.
सगळं अमान्य.
काही मान्य, काही नाही.
मुख्याध्यापक पेन पुढे करतात, हसून,
पहिल्या चौकटीजवळ धरतात, सवयीने.
मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावते.
एवढंच माझं काम. एवढ्याचा मला पगार मिळतो.
ती म्हणते, घरी नेते.
तीस दिवस आहेत ना?
आहेत, मी म्हणते, जरा मोठ्याने.

अठ्ठाविसाव्या दिवशी पाकीट आलं.
आतल्या कागदाला किंचित खारट वास.
तिसऱ्या चौकटीत फुली, इतकी दाबून
की मागच्या पानावर उमटलेली.
खाली थोरल्या मुलीच्या अक्षरात तीन ओळी:
परीक्षा पुन्हा घ्या.
त्याच्या भाषेत.
जिन्यावर.

मी एक प्रत फाइलीला लावली, एक बाईंना दिली.
एक जास्तीची काढली,
घरी नेली, दुआर्तेला दाखवली.
तो आता तेहेतीसचा आहे, बेकरीत पाव मोजतो,
बाराचा डझन त्याला पटत नाही, तो तेरा भरतो.
कागद उलटसुलट करून त्याने विचारलं,
तेव्हा किती चौकटी होत्या, आई?
मला आठवेना.